रतीब ते दूध-योजना

जुन्या दप्तरांच्या अभ्यासकांस ‘रतीब’ हा शब्द नवा नाहीं. माणसांस वा जनावरांस रोज नेमून दिलेला शिधा असा त्याचा अर्थ. आज मात्र तो मुख्यत्वें घरीं येणाऱ्या दुधापुरता उरला आहे. अरुणावतीकांठच्या आर्णीसारख्या (जि. यवतमाळ) लहान गांवीं गवळी व गिऱ्हाईक बहुधा एकमेकांस ओळखतात, गोठ्यापासून चुलीपर्यंतचें अंतर थोडें असतें, आणि दूध घरीं उकळूनच घेतात. मग पाश्चरीकरणाचें प्रयोजन काय, असा प्रश्न सहज उद्भवतो. आमच्या मतें त्याचें उत्तर दुधाच्या गुणांत नसून अंतरांत आहे. मुंबईचा इतिहास यास साक्ष आहे.

मुंबईंत म्हशींचे तबेले भर वस्तींत होते. जागा महाग, चारा बाहेरून आणावयाचा. त्यामुळें आटलेली म्हैस पोसण्यापेक्षां खाटकास विकणें पुष्कळांस परवडे. इ. स. १९४५ मध्यें मुंबई सरकारनें दूध-योजना हातीं घेतली आणि गुजराथेंतील आणंदहून, सुमारें सवाचारशें किलोमीटरांवरून, आगगाडीनें दूध येऊं लागलें. पाश्चरीकरणावांचून तें टिकतें ना. आरंभीं हें काम पोलसन कंपनीकडे होतें. खेडा जिल्ह्यांतील उत्पादकांचा संघ १४ डिसेंबर १९४६ रोजीं नोंदला गेला व १९४८ पासून तोहि मुंबईस दूध पुरवूं लागला. १९४९ मध्यें आरे येथें वसाहत उभी राहून शहरांतील म्हशी तिकडे हलूं लागल्या. या कामीं दूध-आयुक्त दारा खुरोडी यांचें नांव प्रमुख होय.

ही रीत लुई पास्तर यानें १८६० नंतरच्या दशकांत मद्य नासूं नये म्हणून शोधिली. दूध ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटें, किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवून त्वरित थंड करावयाचें. त्यानें क्षयादि रोगांचे जंतु मरतात, आणि चव उकळण्यापेक्षां कमी बदलते. जेथें अनेक गोठ्यांचें दूध एकत्र होतें, तेथें एका रोगी जनावराचा दोष सर्वांस बाधतो. म्हणून शहरास हा उपाय अपरिहार्य ठरला. परंतु दुधांत घातलेलें पाणी त्यानें निघत नाहीं, आणि सर्वच जंतु मरत नसल्यामुळें थंड न ठेविलेलें दूध नासतेंच. रोगजंतूंपुरतें पाहतां घरची उकळी तेंच कार्य साधते. सारांश, पाश्चरीकरणानें घरच्या चुलीस कमीपणा येत नाहीं. जेथें चूल दूर, तेथें तें हवें.

संग्राहकांस एक गोष्ट सुचवावीशी वाटते. शहराच्या योजनेनें कार्डें, पावत्या, दरपत्रकें मागें ठेविलीं. ओळखीवर चाललेल्या रतिबाचा हिशेब मात्र पुष्कळदां भिंतीवरच्या कोळशाच्या रेघांत राहिला, आणि पुढच्या दिवाळीस चुन्याखालीं गेला. केवळ पहिलींच साधनें जपलीं तर भावी संशोधक शहराचाच इतिहास लिहील आणि गांवांत कांहीं व्यवस्था होती हें विसरेल. यास्तव आर्णीसारख्या गांवांतून जुन्या किर्दी, खतावण्या व रतिबाच्या वह्या आढळल्यास त्या रद्दींत जाण्यापूर्वीं जतन कराव्या, एवढीच विनंती.