जागणाऱ्याची साक्ष

घोरणाऱ्याला स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही. वाक्य विनोदी वाटते, पण निद्राविकारांच्या इतिहासातली मोठी अडचण नेमकी हीच आहे. तापाची, खोकल्याची तक्रार रोगी स्वतः करतो. चोंदलेले नाक, उघडे पडलेले तोंड आणि मध्येच थांबणारा श्वास यांचा रात्रीचा हिशेब मात्र शेजारी जागणाऱ्यालाच ठाऊक असतो. गेली काही वर्षे मी जुन्या-नव्या नोंदींत हा जागणारा माणूस शोधतो आहे. तो फार थोड्या ठिकाणी भेटतो.

नाकावरचे उपचार मात्र हवे तितके सापडतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अणुतैलाचे नस्य प्रावृट्, शरद आणि वसंत या तीन ऋतूंत घ्यायला सांगितले आहे. हठयोगप्रदीपिकेतली नेती म्हणजे नाकातून सूत घालून ते तोंडावाटे काढणे. घरोघरी ओव्याची गरम पुरचुंडी आणि वाफारा होताच. १८९३ साली नागेश्वर राव यांनी मुंबईत अमृतांजनचा व्यवसाय सुरू केला. पुढे अशा बामच्या बाटल्या घरोघरी उशाशी आल्या. अनेक बामांत असलेल्या मेन्थॉलने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्ष मोजले तर हवेची वाट रुंदावलेली नसते. थंडावा जाणवणाऱ्या मज्जातंतूंना ते चेतवते, एवढेच. ऑक्सिमेटाझोलीनसारखे थेंब खरोखरच सूज उतरवतात. पण ते सलग बरेच दिवस वापरले, तर अंमल उतरताच नाक पुन्हा बंद होते आणि बाटली सुटत नाही.

हे सारे नाकाबद्दल झाले. झोपेत काय घडते, हे वैद्यकाला फार उशिरा दिसले. चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये (१८३६-३७) जो नावाचा लठ्ठ पोरगा आहे. तो कामाच्या मध्येच झोपतो आणि घोरतो. वाचक त्याला हसले. १९५६ मध्ये बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. हा गृहस्थ पत्ते खेळताना हाती उत्तम पाने असूनही डुलकी लागल्यामुळे डाव घालवून बसला होता. डॉक्टरांनी डिकन्सची आठवण ठेवून विकाराला पिकविकचे नाव दिले. त्यांचे लक्ष होते दिवसाच्या पेंगण्याकडे आणि रक्तातल्या कार्बन डायॉक्साइडकडे. १९६५ मध्ये फ्रान्समध्ये गास्तो यांच्या गटाने आणि जर्मनीत युंग व कूलो यांनी अशा रुग्णांच्या झोपेचे आलेख घेतले, तेव्हा श्वास रात्रीतून पुन्हापुन्हा थांबतो हे कागदावर आले. अंथरुणात शेजारी असणाऱ्याला जे कान देऊन कळत होते, ते यंत्राने सांगितल्यावर शास्त्र झाले.

त्यानंतरही बरीच वर्षे गंभीर रुग्णासाठी खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला छिद्र पाडणे. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी पाच रुग्णांवरचा प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये मांडला : नाकावाटे सौम्य दाबाची हवा सोडून घसा उघडा ठेवायचा. आज ‘सीपॅप’ म्हणतात ते हेच यंत्र. इथे नाक पुन्हा महत्त्वाचे ठरते. नाक चोंदणे हे श्वास थांबण्याचे एकमेव कारण नव्हे. पण नाकच बंद असेल तर मुखवटा लावून झोपणे कठीण जाते.

आता प्रश्न साक्षीचा. माझ्या पत्नीचे नाक कित्येक वर्षे रात्री चोंदते. आवाजाची मला सवय झाली आहे. आवाज अचानक थांबला की मी जागा होतो. तपासणीत डॉक्टरांनी “घोरता का?” असे विचारले, तेव्हा ती चटकन “नाही” म्हणाली. ते खोटे नव्हते. तिला ते कळणार कसे? आणि बाईने घोरणे हा आपल्याकडे थट्टेचा, म्हणून लाजेचा विषय. “श्वास थांबतो, मी आकडे मोजत बसतो,” हे मी सांगितले, तेव्हा कुठे झोपेची तपासणी ठरली.

ही केवळ आमच्या घरची गोष्ट नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या पाहणीत ३० ते ६० वयाच्या नोकरदारांपैकी ६०२ जणांची झोप तपासली गेली. झोपेत तासाला पाच किंवा अधिक वेळा श्वासात अडथळा येणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत २४ टक्के आणि स्त्रियांत ९ टक्के निघाले. तोवर निद्रा-दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांत स्त्रिया इतक्या कमी असत, की हा पुरुषांचाच रोग समजला जाई. २००४ मध्ये झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांचा मुंबईतला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हे प्रमाण १९.५ टक्के आढळले. मोलाचाच अभ्यास, पण तपासलेले सगळे पुरुष होते.

२००८ पासून वापरात आलेल्या ‘स्टॉप-बँग’ या आठ प्रश्नांच्या यादीत एक प्रश्न असा आहे : झोपेत तुमचा श्वास थांबलेला कुणी पाहिला आहे का? जागणाऱ्याला वैद्यकाच्या कागदावर मिळालेली ही हक्काची जागा. त्याच यादीत पुरुष असण्याला एक गुण आहे. आकडेवारीच्या दृष्टीने तो योग्यच. पण बाईची बेरीज तिथेच एकाने कमी होते. तिचा नवरा गाढ झोपणारा असेल, किंवा लोकलाजेने गप्प बसणारा असेल, तर आणखी एक गुण जातो.

वेगळ्या खोलीत झोपणारी आजी, एकटी राहणारी शिक्षिका, विधवा मावशी यांच्यापाशी या प्रश्नाचे उत्तरच नसते. सकाळी डोके जड असते, तोंड कोरडे पडते, दुपारी बसल्याजागी डोळा लागतो. त्याला वय, दगदग, पाळी जाणे अशी नावे मिळतात. घोरण्याचा इतिहास लिहायचा तर या बायकांच्या, कुणीच न ऐकलेल्या रात्रीही त्यात धराव्या लागतील. आणि ज्यांच्या शेजारी कुणी जागे असते, त्या जागणाऱ्याने काय ऐकले ते दवाखान्यात मोकळेपणाने सांगितले पाहिजे. श्वास किती वेळ थांबतो, उताणे झोपल्यावर वाढतो का, दचकून जाग येते का, एवढे सांगितले तरी पुरे.