दोन लाइनींचा स्पीकरफोन : टेबलावरच्या यंत्राने कोणाला बोलू दिले?

१/
१६ मे १९१६. अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सने, एक विलक्षण सभा भरवली. सभा एकच, पण सभागृहे आठ शहरांत : पूर्वेस बोस्टन आणि न्यूयॉर्क, पश्चिमेस थेट सॅन फ्रान्सिस्को. पाच हजारांहून अधिक सभासद टेलिफोनच्या तारांनी जोडले गेले होते, आणि प्रत्येकाने आपापला रिसीव्हर कानाला लावला होता. खोलीभर ऐकू जाईल आणि खोलीतल्या सर्वांचे ऐकूनही घेईल असे टेलिफोनचे यंत्र तेव्हा अस्तित्वात नव्हते.

२/
ते यंत्र घरात आणि छोट्या कार्यालयात पोहोचायला पाऊण शतकाहून अधिक काळ लागला. १९९०च्या दशकात अमेरिकेत घरून व्यवसाय करणारा सल्लागार किंवा तीन-चार माणसांचे कार्यालय चालवणारा वकील दुकानात जाई, तेव्हा खोक्यावर त्याला काही शब्द छापलेले दिसत : 'टू-लाइन', 'होल्ड', 'कॉन्फरन्स', 'फुल डुप्लेक्स'. सगळे शब्द विक्रीच्या भाषेतले वाटत. प्रत्यक्षात त्यांतील प्रत्येकामागे एकेक लढाई होती, आणि शेवटच्या शब्दामागची सर्वांत प्रदीर्घ.

३/
आधी 'दोन लाइनी'. एकाच टेलिफोनवर अनेक लाइनी घेण्याची सोय जुनी आहे. बेल कंपनीची '१ए' ही की-टेलिफोन प्रणाली १९३८ची. तिच्या पुढच्या पिढ्यांतील फोन जुन्या हॉलिवूडपटांतील कार्यालयांत हमखास दिसतात : खाली सहा बटणांची रांग, त्यांतले पहिले लाल, ते 'होल्ड'चे, उरलेली पाच लाइनींची, आतून दिव्याने उजळणारी. पण या फोनमागे बोटभर जाडीची, पन्नास तारांची केबल असे आणि दुसऱ्या टोकाला भिंतीवर रिले भरलेली पेटी. दोन माणसांच्या कार्यालयासाठी हा थाट म्हणजे दोन खोल्यांच्या घराला राजवाड्याचा दरवाजा.

४/
दोन लाइनींच्या साध्या फोनने ही पेटीच काढून टाकली. अमेरिकी घरांच्या भिंतींत टेलिफोनसाठी बहुधा चार तारा घातलेल्या असत. लाल आणि हिरवी मिळून पहिली लाइन. काळी आणि पिवळी मिळून दुसरी, जी बहुतेक घरांत निकामी पडून असे. चारही तारा एकाच छोट्या प्लगातून आणणारी जोडणी 'आरजे-१४' म्हणून ओळखली जाते. एका लाइनीची ती 'आरजे-११'. दुसऱ्या लाइनीचे पैसे भरले, की तोच सॉकेट दोन क्रमांकांचा होई. १९९०च्या दशकात फॅक्स आणि मोडेम यांच्यासाठी असंख्य घरांनी ही दुसरी लाइन घेतली. फॅक्स स्वस्थ असे तेव्हा तीच लाइन तिसऱ्या माणसाला संभाषणात आणण्यासाठी मोकळी मिळे.

५/
तिसऱ्या माणसाला आणण्याचा दुसराही मार्ग होता. मे १९६५मध्ये न्यू जर्सीतील सकासुना येथे बेल कंपनीचे पहिले मोठे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झाले. त्यानंतर एकाच लाइनीवर तिघांचे बोलणे घडवण्याची सेवा एक्स्चेंजकडूनच मिळू लागली. पण ती सेवा कंपनीची, तिचे भाडेही कंपनीला. दोन लाइनींच्या फोनमध्ये जोडणारे बटण मालकाच्या हाताखाली असे : एकाला होल्डवर ठेवावे, दुसऱ्या लाइनीवर दुसरे शहर लावावे, 'कॉन्फरन्स' दाबावे.

यात एक मेख होती. साध्या ॲनालॉग फोनमध्ये दोन लाइनी एकमेकींना जोडल्या, की आवाजाची ऊर्जा वाटली जाते. मधल्या माणसाला दोघेही नीट ऐकू येतात. दूरच्या दोघांना मात्र एकमेकांचे बोलणे विहिरीतून आल्यासारखे वाटते. दोन लाइनी असलेला प्रत्येक फोन चांगला कॉन्फरन्स फोन नसतो, तो यामुळे.

६/
महाराष्ट्रात याच काळी चित्र नेमके उलटे होते. मुंबईचे टेलिफोन एक्स्चेंज जानेवारी १८८२चे, म्हणजे जगातील आरंभीच्या एक्स्चेंजांपैकी. तरीही त्यानंतर शंभर वर्षांनी एका लाइनीसाठी अर्ज भरून वर्षानुवर्षे वाट पाहणारी कुटुंबे होती. इथली ओळखीची सोय म्हणजे 'पॅरलल' : लाइन एक, यंत्रे दोन, आणि आतल्या खोलीतल्या कोणी रिसीव्हर उचलला की बाहेरच्याला लागणारी चाहूल. एका यंत्रावर दोन लाइनी ही कल्पनाच बहुतेकांना चैनीची वाटली असती.

७/
आता दुकानाच्या फळीकडे. त्या फळीवर निरनिराळ्या कंपन्यांचे फोन मांडलेले असणे, हीच मुळात नवलाची गोष्ट होती. विसाव्या शतकात दीर्घकाळ बहुसंख्य अमेरिकी ग्राहकांना टेलिफोन विकत घेता येत नसे. यंत्र बेल कंपनीचे, ग्राहक भाडेकरू, आणि बाहेरची कोणतीही वस्तू त्याला जोडणे निषिद्ध. 'हश-ए-फोन' नावाचा एक निरुपद्रवी पेला बोलण्याच्या भागावर बसवला, तर शेजाऱ्याला बोलणे ऐकू येत नसे. त्यात वीज नव्हती, तार नव्हती. तरीही कंपनीने त्याला हरकत घेतली आणि प्रकरण थेट न्यायालयात गेले. १९५६मध्ये निकाल त्या पेल्याच्या बाजूने लागला.

८/
खरा बांध फुटला तो १९६८मध्ये. टेक्सासचे थॉमस कार्टर यांनी दूर रानात काम करणाऱ्यांचे रेडिओसंच टेलिफोनशी जोडणारे 'कार्टरफोन' हे उपकरण काढले होते. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने जूनमध्ये निर्णय दिला : जाळ्याला इजा न करणारे उपकरण जोडण्यास कंपनी मनाई करू शकत नाही. पुढे १९७०च्या दशकात उपकरणांची नोंदणी करण्याची पद्धत आली, आणि नोंदणी झालेला कोणाचाही फोन सॉकेटात खुपसणे कायदेशीर झाले. १ जानेवारी १९८४ रोजी एटी अँड टीचे विभाजन अमलात आले, तोवर टेलिफोन ही दुकानात निवडून घेण्याची वस्तू झाली होती. निवडीचा प्रश्न पडण्याआधी निवडण्याचा हक्क मिळवावा लागला.

९/
हक्क मिळाला, पण आवाजाचे काय?

रिसीव्हर कानाशी धरला की श्रवणाचा भाग कानाला चिकटलेला, बोलण्याचा भाग ओठांसमोर, आणि मध्ये माणसाचे डोके. एकाचा आवाज दुसऱ्यात फारसा शिरत नाही. स्पीकरफोनमध्ये हे संरक्षण नाहीसे होते. कर्ण्यातून निघालेला दूरच्या माणसाचा आवाज भिंतींवर, टेबलावर, खिडकीच्या काचेवर आपटून मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि तारेवरून त्याच माणसाकडे परत जातो. त्याला स्वतःचेच शब्द पाठीमागून ऐकू येतात. आवाज वाढवला तर हे चक्र स्वतःवरच पोसते आणि यंत्र शिट्टी घालू लागते. लग्नाच्या मांडवात माइक कर्ण्यासमोर नेल्यावर जी किंचाळी उठते, तीच ही.

१०/
बेल कंपनीने १९५०च्या दशकात आपला स्पीकरफोन बाजारात आणला, तेव्हापासून अभियंते या चक्राशी झुंजत होते. १९६०मध्ये कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात बुसाला या अभियंत्याचा जो प्रबंध प्रसिद्ध झाला, त्यात आवाजाने चालणाऱ्या स्विचाची तत्त्वे मांडलेली आहेत. कल्पना सोपी : दोन्ही दिशा एकाच वेळी पूर्ण उघड्या ठेवायच्याच नाहीत. यंत्र सतत तुलना करते. दूरचा आवाज मोठा असेल तर मायक्रोफोन दबवते. खोलीतला मोठा असेल तर कर्णा दबवते. हीच 'हाफ डुप्लेक्स' पद्धत.

११/
येथे क्षणभर थांबायला हवे, कारण या सोप्या उपायाने माणसांच्या बोलण्यात एक न्यायाधीश आणून बसवला. कोणाला वाट द्यायची हे यंत्र ठरवू लागले, आणि त्याचा निकष एकच : जो मोठ्याने बोलेल तो. दूरचा माणूस बोलत असताना 'हं', 'पण', 'एक मिनिट' असे मध्ये घातलेले शब्द वाटेतच विरत. वाक्यांची पहिली अक्षरे कापली जात. खोलीत पंख्याचा किंवा वातानुकूलन यंत्राचा घरघराट असेल, तर बिचारे यंत्र त्यालाच वक्ता समजून दूरच्या माणसाचे तोंड बंद करी. बैठकीत हळू बोलणारा, टेबलाच्या टोकाला बसलेला, परक्या भाषेत शब्द शोधत बोलणारा, असे सारे या निवाड्यात हरत. साहेबाचे भाषण मात्र नीट पोहोचे. १९७६ ते १९८१ या काळात गाजलेल्या 'चार्लीज एंजल्स' या मालिकेत चेहरा कधीच न दिसणारा चार्ली टेबलावरच्या स्पीकरफोनमधून हुकूम सोडतो. एकाने सांगावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, यासाठी ते यंत्र अगदी योग्य होते.

१२/
यातून सुटका झाली ती अनपेक्षित दिशेने, अवकाशातून.

१९६५मध्ये 'अर्ली बर्ड' हा भूस्थिर उपग्रह टेलिफोनची संभाषणे वाहू लागला. उंची सुमारे ३६,००० किलोमीटर. शब्द वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, आणि प्रतिध्वनी परत यायला अर्धा. एवढ्या उशिरा स्वतःचा आवाज ऐकू आला की माणूस अडखळतो. प्रतिध्वनी दाबण्यासाठी लांबच्या लाइनींवर जे जुने स्विच होते, ते येथे बोलणेच तोडू लागले. बेल प्रयोगशाळेत तेव्हा वेगळा विचार पुढे आला : प्रतिध्वनी दाबण्याऐवजी तो आधीच ओळखून वजा करता येईल काय?

१३/
या कल्पनेशी तीन नावे जोडली जातात. जॉन केली हे पहिले. पैज किती लावावी याचे सूत्र देणारे आणि संगणकाकडून गाणे गाऊन घेणारे तेच केली. त्यांचे १९६५मध्ये अकाली निधन झाले. बेन लोगन यांच्यासह त्यांच्या नावे असलेले पेटंट १९७० साली मंजूर झाले. तिसरे नाव मनमोहन सोंधी यांचे. दिल्ली विद्यापीठात भौतिकी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दळणवळण अभियांत्रिकी शिकून ते अमेरिकेस गेले होते. १९६७मध्ये त्यांनी स्वतःला जुळवून घेणाऱ्या प्रतिध्वनी-निवारकाचा सिद्धान्त मांडला. यंत्राने दूरचा आवाज ऐकावा, त्याचा प्रतिध्वनी कसा असेल याचा अंदाज बांधावा, प्रत्यक्ष परतलेल्या आवाजातून तो अंदाज वजा करावा, आणि जे उरेल त्यावरून पुढचा अंदाज सुधारावा. क्षणोक्षणी, न थांबता.

१४/
कागदावरचे गणित टेबलावर यायला मात्र वीस-पंचवीस वर्षे गेली. टेलिफोनचा आवाज अंकांत मांडताना सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात. खोलीतला प्रतिध्वनी पाव सेकंद घुमत असेल, तर अंदाज बांधण्यासाठी २,००० गुणक हवेत, आणि प्रत्येक नव्या नमुन्यागणिक तितके गुणाकार पुन्हा करायला हवेत. म्हणजे नुसत्या अंदाजासाठी सेकंदाला १ कोटी ६० लाख गुणाकार. शिवाय कोणी खुर्ची सरकवली किंवा दार उघडले, की खोलीचे गणित बदलते. दोघे एकदम बोलू लागले, तर यंत्राने खोलीतल्या माणसालाच प्रतिध्वनी समजू नये, हेही सांभाळायचे. लांबच्या लाइनींवरील प्रतिध्वनीसाठी १९८०मध्ये बेल प्रयोगशाळेने एका चिपवर मावणारा निवारक सादर केला. खोलीचा प्रश्न त्याहून कितीतरी मोठा होता. तो सोडवण्याइतके संकेत-संस्कारक चिप स्वस्त झाले ते १९८०चे दशक सरता सरता.

१५/
१९९०मध्ये ब्रायन हिनमन आणि जेफ्री रॉडमन यांनी पॉलिकॉम ही कंपनी काढली. १९९२मध्ये तिचा 'साउंडस्टेशन' आला : तीन पायांचा, मधोमध कर्णा, प्रत्येक पायाच्या टोकाला मायक्रोफोन. बैठकीच्या टेबलावर बसलेल्या त्या विचित्र प्राण्याने 'फुल डुप्लेक्स' हा शब्द खरेदीदारांच्या तोंडी बसवला. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलावे आणि दोन्ही बाजूंना ऐकू यावे, इतकी साधी ही गोष्ट. पण आता मध्येच 'पण' म्हणणाऱ्याचा 'पण' पोहोचू लागला. पुढे याच कंपनीने 'साउंडपॉइंट प्रो' या नावाने एका माणसाच्या टेबलासाठी दोन लाइनींचा फोन काढला, आणि १९३८पासूनचे सारे धागे एका छोट्या यंत्रात एकत्र आले.

१६/
या इतिहासातून निवडीच्या कसोट्या आपोआप हाती येतात. फोन खरा फुल डुप्लेक्स आहे की नाही, हे खोक्यावरून कळत नाही. दोन्ही टोकांच्या माणसांनी एकदम एक ते दहा मोजावे. आकडे गळू लागले तर आत जुना न्यायाधीशच बसलेला आहे. कॉन्फरन्सची परीक्षा मधल्या माणसाने घेऊन उपयोग नाही. बाहेरच्या दोघांना एकमेकांचे ऐकू येते का, हे त्यांनाच विचारावे. दुसऱ्या लाइनीचा दिवा लागत नसेल, तर दोष बहुधा भिंतीत असतो : चारऐवजी दोनच तारा जोडलेल्या असतात. असा ॲनालॉग फोन कार्यालयाच्या डिजिटल ईपीएबीएक्सच्या विस्तार-लाइनीवर लावू नये. चालणार तर नाहीच, बिघडण्याचीही शक्यता असते. आणि खोली. बोलणारा मायक्रोफोनपासून दुप्पट दूर गेला, की थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, भिंतींचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. काचेचे टेबल आणि उघड्या भिंती यांच्यापुढे महागडा फोनही हात टेकतो. एक जाड पडदा पुष्कळदा अधिक काम करतो.

१७/
या यंत्राचा बहर फार टिकला नाही. ब्रॉडबँड आले तशी फॅक्स-मोडेमसाठी घेतलेली दुसरी लाइन घरांनी परत केली. तिसऱ्या-चौथ्या माणसाला जोडण्याचे काम इंटरनेटवरील सेवांकडे गेले, आणि सोंधी यांनी मांडलेली ती अंदाज-वजाबाकी मोबाइलच्या स्पीकर बटणामागे आणि लॅपटॉपवरील प्रत्येक बैठकीत शिरली. जुन्या अमेरिकी घरांच्या भिंतींत काळी आणि पिवळी तार अजूनही आहे. बहुतेक ठिकाणी तिच्या दोन्ही टोकांना काहीच जोडलेले नाही.