देशपांडे, वसंतराव : नाट्यगीतांची ध्वनिमुद्रणे

वसंतराव देशपांडे (२ मे १९२०–३० जुलै १९८३) यांनी ध्वनिमुद्रित केलेली मराठी रंगभूमीवरील पदे. जन्म बुलढाण्याशेजारच्या अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरला. संगीतशिक्षण नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे. दीनानाथ मंगेशकरांच्या आक्रमक गायकीचा त्यांच्यावर खोल ठसा होता. संशयकल्लोळ नाटकातील ‘मृगनयना’ हे जुने पद त्यांनी दरबारी कानड्याचा भारदस्तपणा राखून गायिले.

सर्वांत मोलाची मात्र कट्यार काळजात घुसली (१९६७) मधील पदे. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, संगीत जितेंद्र अभिषेकींचे. नाटकातील खाँसाहेबांची भूमिका स्वतः वसंतरावांची. ‘घेई छंद’ हे पद नाटकात दोन घराण्यांच्या दोन चालींत येते. वसंतरावांच्या द्रुत चालीत शब्द तानेच्या झपाट्यात सापडतो, तरी त्याचा अर्थ निसटत नाही. आणि समेवर ते अशा काही आवेगाने येतात की ऐकणारा दचकतो. तुलनेसाठी पाहता, अमेरिकेत एला फिट्झजेराल्ड या जॅझ गायिकेने १९५६ मध्ये कोल पोर्टरची रंगभूमीवरील व चित्रपटांतील गाणी स्वतंत्रपणे मुद्रित केली. ती निखळ गायिकेची मुद्रणे होत. वसंतरावांच्या मुद्रणांत मात्र गवयाबरोबर खाँसाहेब हे पात्रही, त्याच्या साऱ्या ताठ्यासह, ऐकू येते.