तरवा, दोरी आणि यंत्र

शिरोड्याचे नाव घेतले की आपल्याला 1930 चा मिठाचा सत्याग्रह आठवतो. पण मिठागरांप्रमाणेच येथे भाताचे कुणगेही आहेत, आणि त्यांचा इतिहास आपण फारसा सांगत नाही.

तरवा पेरावा, तो उपटून मुठी बांधाव्यात व चिखलात लावणी करावी, ही कोकणची जुनी रीत. 1953 साली, डॉ. पंजाबराव देशमुख केंद्रीय शेतीमंत्री असताना, जपानी पद्धतीचा देशभर प्रचार झाला : गादीवाफ्यावर विरळ पेरणी, दोरी धरून सरळ ओळी, भरपूर खत. मात्र त्या वेळी जपानातही लावणी वाकलेल्या पाठीनेच होत होती. चटईसारखी वाढवलेली रोपे लावणारी यंत्रे तेथे 1970 च्या दशकात पसरली. म्हणजे आपण ओळ घेतली, पण तिचे कष्ट बायकांच्या कमरेवरच राहिले.

आज घरची माणसे मुंबईस गेल्यावर आपण यंत्राकडे पाहतो. ते पातळ मातीच्या थरावरचा कोवळा तरवा मागते, सपाट चिखल मागते आणि वळायला जागा मागते. आपले कुणगे तर लहान. यंत्र भाड्याने आणता येईल; परंतु चार शेजाऱ्यांनी मिळून एकाच वेळी तरवा तयार करावा, हे आपणच ठरवले पाहिजे.