आतलं चाक, बाहेरचं चाक

जुन्या जीपबद्दल प्रेमाने बोलणारी माणसं पुष्कळ भेटतात. पण तिच्या स्टिअरिंगचा विषय निघाला की तीच माणसं जरा गप्प होतात. बरंच फिरवलं तरी चाकांना पत्ता नाही, खड्डा आला की थरथर, ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते... यावर ठरलेला सल्ला म्हणजे "अलाइनमेंट करून घ्या." ते होतं, पैसे जातात आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. असं का होतं हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल, थेट घोडागाडीपर्यंत.

आपल्या बैलगाडीला चाकं दोनच, त्यामुळे तिला हा प्रश्न पडलाच नाही. चार चाकांच्या घोडागाडीत मात्र पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळ्यावर फिरायचा. वळण जोराचं असलं की पुढचा आधार अरुंद व्हायचा आणि गाडी कलंडायची. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे डॉक्टर. रोग्यांसाठी त्यांची सतत गाडीतून भटकंती चाले. वळणावर उलटणार नाही अशा गाडीचा आराखडा त्यांनी 1759च्या सुमारास केला होता. पुढे म्युनिकच्या लँकेन्श्पर्गर या गाडीकाराने तोडगा काढला: आस जागेवरच ठेवायचा आणि प्रत्येक चाक स्वतःच्या खिळ्यावर वळवायचं. 1818 साली लंडनमध्ये त्याचं पेटंट घेतलं ते रुडॉल्फ अ‍ॅकरमन यांनी, त्याचे प्रतिनिधी म्हणून. गंमत अशी की नाव चिकटलं ते अ‍ॅकरमन यांचंच!

यामागचं तत्त्व साधं आहे. वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या. म्हणून आतल्या चाकाला जास्त वळावं लागतं. दोन्ही सारखीच वळली तर एक चाक घासत जाणार. मोटारींच्या जगात ही पद्धत रुळायला वेळ लागला. फ्रान्सच्या आमेदे बोले यांनी 1873 साली वाफेच्या गाडीला ती बसवली आणि गाडीचं नावच ठेवलं 'आज्ञाधारक'. कार्ल बेंझ यांची 1886 ची पहिली मोटार तीन चाकी होती, कारण दोन चाकं नीट वळवायचं कोडं त्यांना तेव्हा सुटलं नव्हतं. त्याचं पेटंट त्यांनी 1893 साली घेतलं.

आता जीपकडे येऊ. 1940 साली अमेरिकन लष्कराने 135 कंपन्यांना विचारणा केली आणि नमुना गाडीसाठी मुदत दिली अवघी 49 दिवसांची! गाडी हलकी हवी, चारही चाकांना ताकद हवी. म्हणजे पुढच्या चाकांनी वळायचंही आणि ओढायचंही. त्यात स्टिअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंत एक साखळीच तयार झाली. बॉक्स, त्याचा आर्म, ड्रॅग लिंक, मधोमध बेल क्रँक, तिथून दोन टाय रॉड आणि शेवटी किंग पिनची बेअरिंगं. प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई आली तरी तिची बेरीज होते, आणि ती बेरीज चालवणाऱ्याच्या हातात येते.

महायुद्धातल्या विलीज जीपच्या पुस्तकात टो-इन दिलंय 3/64 ते 3/32 इंच, म्हणजे साधारण सव्वा ते अडीच मिलिमीटर. चाकांची पुढची टोकं मागच्यापेक्षा एवढीच जवळ हवीत. ज्या साखळीत बोटभर खेळ आहे, तिथे दीड मिलिमीटर जुळवून काय होणार? मशीनवर आकडा बरोबर दिसेल, पण गाडी रस्त्यावर आली की तो टिकणार नाही.

म्हणून अलाइनमेंट शेवटी. आधी पुढची चाकं जॅकवर उचला. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं, राहिला तर किंग पिन. मग चाकं जमिनीवर ठेवून कोणाला तरी स्टिअरिंग थोडं थोडं डावं-उजवं करायला सांगा आणि खाली वाकून पाहा. जो सांधा जागच्या जागी लचकतो, तो चोर. पाट्यांचे यू बोल्ट, बुश, टायरची हवा हेही पाहून घ्या. कास्टर (3 अंश) पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यातल्या पाचरीने सुधारतो. कॅम्बर (दीड अंश) मात्र अ‍ॅक्सलमध्येच घडवलेला असतो. तो चुकला तर अ‍ॅक्सल वाकलाय असं समजावं.

हे सगळं झालं की टो-इन. त्याला मशीनच लागतं असं नाही. दोन्ही टायरवर खडूने खूण करायची, हबच्या उंचीवर पुढून अंतर मोजायचं, गाडी अर्धा फेरा पुढे ढकलायची आणि त्याच खुणा मागून मोजायच्या. जुने मिस्त्री दोरा आणि पट्टीवर हे करत आले.

1940च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे ही गाडी आणि तिची भावंडं तहसीलदारापासून वडापवाल्यापर्यंत सगळ्यांकडे पोचली. बसतील तितकी माणसं, दगडधोंड्यांचे रस्ते, आणि ग्रीसचा पंप आठवण झाली तरच... अशा गाडीने घाट उतरताना मागे बसलेल्या माणसांचा जीव त्या चार-पाच सांध्यांवरच असतो. गाडी वळणावर कलंडू नये म्हणून लोकांनी शतकभराहून जास्त डोकं चालवलं. ते ग्रीसअभावी वाया जावं, याचं मला वाईट वाटतं.

असो. कोणाच्या दारात अशी जीप उभी असेल, तर अलाइनमेंटला नेण्याआधी एकदा जॅक लावून चाक हलवून पाहा.