घासलेटाचा आळ

आमच्या भागात जीप आली ती सरकारबरोबर. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या, पंचायत समित्या आल्या, आणि बोरीकाठच्या आमच्या रस्त्यानं साहेबाची जीप धूळ उडवत येऊ लागली. आम्ही पोरं मागं पळायचो. विलीजच्या या गाड्या महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जोडायला घेतल्या होत्या. त्यातली सीजे-3बी उंच बॉनेटची. बॉनेट उंच, कारण इंजिनच उंच: पेट्रोल-हवा आत घेणारे वॉल्व्ह वर हेडमध्ये, धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. अमेरिकेत ती 1968 ला बंद झाली, इकडं मात्र पुढंही बनत राहिली.

1973 च्या अरब-इस्रायल लढाईनंतर पेट्रोल भडकलं. तरी आबांनी 1978 ला लिलावातली जुनी पेट्रोल जीप घेतली. गाव हसलं. पण रात्री-अपरात्री कुणाला धुळ्याच्या दवाखान्यात न्यायचं झालं की हसणारेच दारात उभे राहायचे. गाडी चालवायचा आमचा सालदार.

पुढच्या चैत्रात गाडी बिघडली. स्लोला उभी राहीना, नुसती थरथरायची. पाय दाबला की आधी गचका खायची, मग पळायची. एकदा पळाली की पुन्हा काही तक्रार नाही. पारोळ्याच्या रस्त्यावर दोनदा बंद पडली, त्यात एकदा मागं बाळंतीण होती.

त्या काळी पेट्रोलात रेशनचं घासलेट मिसळायचा प्रकार चालायचा. आमच्या डोक्यात तेच बसलं. सालदार पेट्रोल काढून विकतो आणि वर घासलेट ओततो, असं आधी मीच बोललो. दहावी झालो होतो, मला सगळं कळतं असं वाटायचं. आबा त्याला काही बोलले नाहीत, फक्त किल्ली मागून घेतली. आखाजी पंधरा दिवसांवर होती, आणि सालदाराचं साल आखाजीला ठरतं. चोरीचा आळ आलेल्या माणसाला कोण ठेवणार?

मी गाडी धुळ्याला आग्रा रोडच्या एका म्हाताऱ्या मिस्तरीकडं नेली. त्यानं चारी प्लग काढून तळहातावर ओळीनं मांडले. सगळे पांढरट. घासलेटावर चाललेल्या गाडीचे प्लग काळे होतात, हे मला तिथं कळलं. पॉइंटची फट त्यानं पट्टीनं मोजली, वीस थाऊ, बरोबर होती. मग गाडी चालू करून एकेक प्लगची वायर काढून बघितली. प्रत्येक वेळी इंजिन सारखंच दबलं, म्हणजे दोष एका सिलिंडरचा नव्हता. चोक थोडा ओढला, तर थरथर कमी झाली. इथं मिस्तरी हसला.

त्यानं ऑइलकॅन घेऊन कार्बोरेटरच्या बुडाशी चौफेर तेल सोडलं. एका कोपऱ्यात तेल आत ओढलं गेलं आणि इंजिन क्षणभर शिवणयंत्रासारखं सरळ चाललं. तेल संपलं, पुन्हा थरथर.

"घासलेट नही शे भाऊ. गाडी हवा पी ऱ्हायनी," तो म्हणाला.

कार्बोरेटरखालचं पॅकिंग फाटलं होतं. तिथून जादा हवा आत शिरायची. इंजिन हळू चालताना पेट्रोल थोडंच असतं, त्यात ही फुकटची हवा लगेच जाणवते. वेगात पेट्रोल भरपूर, म्हणून पळताना कळत नाही. त्यानं जाड कागदाचं पॅकिंग कात्रीनं कापून बसवलं. मजुरी चहाच्या भावात.

घरी आल्यावर आबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. आखाजीच्या सकाळी आम्ही दोघं सालदाराच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. आबांनी त्याच्यापुढं किल्ली ठेवली. त्यानं ती उचलली नाही. शेजारच्या गावात त्यानं आधीच साल कबूल केलं होतं, अन् तेही आमच्यापेक्षा कमी पैशात.

त्या वर्षापासून जीप मी चालवू लागलो.