शिकेकाईचा फेस आणि शाईचा थेंब

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीचा डोंगर गुलालानं न्हाऊन निघतो. कोल्हापूरच्या वायव्येला असलेल्या या जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, ‘चांगभलं’चा गजर होतो, गुलाल-खोबरं उधळलं जातं, देवाला दवणा वाहतात. यात्रेहून घरी आलेल्या माणसाच्या डोईत तेल, घाम, धूळ आणि गुलाल यांचा असा काही थर बसलेला असतो की नुसत्या पाण्याला तो दाद देत नाही.

त्यावर जुना, घरचा उतारा म्हणजे शिकेकाई. सह्याद्रीच्या जंगलात झाडांवर चढणारा हा आकडेदार काट्यांचा वेल. त्याच्या शेंगा वाळवून काष्ठौषधीच्या दुकानात येतात. त्यांच्या जोडीला रिठा, आवळकाठी, नागरमोथा, कचोरा, मेथी, वाळा. घरागणिक प्रमाण वेगळं. शेंगा रात्री भिजत घालायच्या, सकाळी उकळायच्या, कोमट झाल्या की हातानं कुस्करून फडक्यातून गाळायच्या. तपकिरी, दाटसर पाणी निघतं. डोळ्यांत गेलं तर चांगलंच झोंबतं, म्हणून न्हाताना पोरांचे डोळे आईच्या तळव्याखाली घट्ट झाकलेले असत.

यातलं काम करणारं द्रव्य म्हणजे सॅपोनिन. त्याच्या रेणूचा एक भाग पाण्याकडे ओढ घेतो, दुसरा तेलाकडे. त्यामुळे तेलकट मळ सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. रिठ्यात सॅपोनिन भरपूर, म्हणून सोनार दागिने उजळायला आणि घरातल्या बायका रेशमी साड्या धुवायला रिठ्याचंच पाणी घेत. शिकेकाईचं पाणी किंचित आम्ल असतं. साबण अल्कधर्मी, त्यानं केस राठ होतात आणि विहिरीच्या जड पाण्यात त्याची चिकट साय केसांवर बसते.

युरोपातही हीच अडचण होती. बर्लिनमध्ये हान्स श्वार्झकॉफनं १९०३ साली केस धुण्याची पूड विकायला आणली, १९२७ मध्ये द्रवरूप शॅम्पू. पुढे अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बलनं १९३४ मध्ये ‘ड्रीन’ काढला. त्यात साबण नव्हताच, कृत्रिम प्रक्षालक होता. जड पाण्याचा प्रश्न मिटला. आपल्याकडे तमिळनाडूतल्या कडलूरमधून सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये ‘चिक’ शॅम्पू पुड्यांमधून विकायला सुरुवात केली. अशा पुड्यांमुळे शॅम्पू खेड्यातल्या किराणा दुकानात लटकू लागला आणि मूठभर फेस म्हणजेच स्वच्छता हे समीकरण पक्कं बसलं. शिकेकाईवर झालेला हा मोठा अन्याय आहे. तिचा फेस मुळातच बेताचा.

औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळेत वनस्पतिजन्य शॅम्पू तपासतात तेव्हा फेसही मोजतात: एक टक्क्याचं ५० मिलिलिटर द्रावण २५० मिलिलिटरच्या मोजपात्रात घालून, तोंड तळव्यानं झाकून दहा वेळा हलवायचं आणि मिनिटभरानं फेस किती उरला ते पाहायचं. सामू, दाटपणा, पृष्ठताण यांचीही नोंद होते. पण सगळ्यात बोलकी चाचणी शाईची. परीक्षानळीत १० मिलिलिटर पाणी, शॅम्पूचे दोन थेंब आणि काजळीच्या काळ्या शाईचा एक थेंब. बूच लावून नळी हलवायची आणि शाई कुठे गेली ते बघायचं. फेस काळा पडला तर तो शॅम्पू नापास, कारण फेसात अडकलेला मळ सहज निघत नाही, पुन्हा केसांवरच बसतो. फेस पांढरा राहून खालचं पाणी काळं झालं, तर मळ पाण्याबरोबर निघून जाईल. फेस उंच की बुटका, याचा या निकालाशी संबंध नाही.

शिकेकाईची खरी अडचण वेगळी आहे, ती टिकण्याची. काढा साखर-पिष्टानं भरलेला. एक-दोन दिवसांत आंबतो, बुरशी धरतो. त्यामुळे घरात तो ताजाच करत आणि दुकानात कोरडी पूड मिळे. बाटलीत भरायचा तर परिरक्षक घालावंच लागतं, आणि ते घातल्याचं सरळ सांगण्यात कमीपणा नाही. डोळ्यांना होणारी जळजळही मोजावीच लागते. पूर्वी त्यासाठी सशांच्या डोळ्यांत द्रावण घालत. भारतात २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला बंदी आहे.

आज ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बाटल्यांवर पुढे शिकेकाईच्या शेंगा ठळक छापलेल्या असतात. मागच्या बारीक अक्षरांत पाण्यानंतर पहिलं नाव सोडियम लॉरेथ सल्फेट या कृत्रिम प्रक्षालकाचं असतं, शिकेकाईचा अर्क पार खाली. घेणाऱ्यानं बाटली उलटी करून ती यादी आधी वाचावी.